बाटलीचे झाकण संग्रहालयात कसे पोहोचते?

शाळेच्या प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’चे एक टेबल हमखास असते. बाटली कापून केलेला पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, जुन्या सीडीचे घड्याळ, लग्नपत्रिकांची फुले. पालक कौतुक करतात, परीक्षक गुण देतात आणि थोड्याच दिवसांत त्यातले बरेचसे सामान कचऱ्याच्या डब्यात जाते. आता तर ते पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत असते. बाटलीला रंग फासलेला, त्यावर गोंद आणि चमकी. जी बाटली भंगारवाल्याने आनंदाने घेतली असती, ती आता तोही घेत नाही.

दुसरीकडे, घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणे तांब्याच्या तारेने जोडतात आणि त्यांची कलाकृती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात जाते. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या कपबश्यांनी आणि बांगड्यांनी मढवलेल्या मूर्ती अर्धशतक ऊनपाऊस झेलत उभ्या आहेत. सामान तेच, उकिरड्यावरचे. मग एक कलाकृती पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि दुसरी पंधरवडाही काढत नाही, असे का?

‘प्रतिभा’ हे उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. कोणता कचरा निवडायचा, तो कसा जोडायचा, तो किती दिवस तग धरेल आणि लोकांसमोर कसा मांडायचा, याला काही नियम आहेत. ते कळले की अशा कलेचा आनंद वाढतो. शिवाय पर्यावरणाच्या नावाने भरणाऱ्या प्रदर्शनांतले काय खरे आणि काय नुसते दिखाऊ, हेही ओळखता येते.

एका वेळी दोन वस्तू

१९४२ साली पाब्लो पिकासोने सायकलची एक जुनी सीट घेतली आणि तिला सायकलचेच हँडल जोडून ती भिंतीवर लावली. सीट म्हणजे बैलाचे निमुळते तोंड, हँडल म्हणजे त्याची शिंगे. बस, एवढेच. पाहणाऱ्याला आधी बैल दिसतो, मग सायकल दिसते आणि त्यानंतर दोन्ही एकदमच दिसत राहतात. पिकासोला त्या सीटवर डोळे रंगवता आले असते, कान चिकटवता आले असते. बैल अधिक हुबेहूब झाला असता, पण सायकल नाहीशी झाली असती.

टाकाऊ वस्तूंच्या कलेचा पाया हाच आहे. नवा आकार स्पष्ट दिसला पाहिजे आणि जुनी वस्तूही ओळखू आली पाहिजे. आपल्याकडची गोधडी आठवा. ती थंडीत ऊब देतेच, पण पांघरताना हा आजीच्या लुगड्याचा काठ, हा वडिलांच्या सदऱ्याचा तुकडा, ही ताईच्या परकराची फुले, हेही हाताला आणि डोळ्यांना कळत असते. सगळे तुकडे एकाच रंगात बुडवले तर ऊब तेवढीच राहील, आठवण मात्र पुसली जाईल.

पर्यावरणाचा विषय मांडायचा असेल तर ही ओळख आणखी महत्त्वाची ठरते. ‘हे तर आपल्याच घरातून गेलेले सामान’ असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. बाटलीवर सोनेरी रंगाचा थर देऊन तिची फुलदाणी केली की फुलदाणी दिसते, बाटलीचा प्रश्न दिसत नाही. पेनस्टँडची पहिली चूक इथे असते: तो कचरा लपवतो.

भंगारवाला काय नाकारतो?

कोणता कचरा घ्यायचा, हे ठरवायला सर्वांत चांगला मार्गदर्शक म्हणजे गल्लीतला भंगारवाला. लोखंड, पत्रा, तांबे, पितळ, अॅल्युमिनियम, रद्दी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या यांना तो पैसे देतो, कारण या वस्तू वितळवून किंवा लगदा करून पुन्हा वापरता येतात. ज्याला बाजारात भाव आहे, ते सहसा उकिरड्यावर कुजत पडत नाही.

चिप्सची पाकिटे, शांपूच्या पुड्या, थर्मोकोल, फुटक्या कपबश्या, चपलांचे तळवे हे मात्र तो सहसा घेत नाही. प्रत्येकाचे कारण निराळे आहे. चिप्सचे पाकीट एकाच पदार्थाचे दिसते, पण त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा अतिशय तलम लेप असतो. हे थर एकमेकांपासून सोडवणे इतके खर्चाचे की त्या भानगडीत कोणी पडत नाही. थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असते. टेम्पो भरून नेला तरी वजन भरत नाही, म्हणजे वाहतुकीचा खर्चही निघत नाही. कपबशी भट्टीत एकदा भाजली की तिची माती कायमची बदलते. ती पाण्यात कालवून पुन्हा चाकावर चढवता येत नाही.

लोखंडी नटबोल्ट, गिअर आणि साखळ्यांपासून केलेले घोडे, मोर, रोबो अनेक शहरांच्या चौकांत उभे आहेत. त्यांतले काही खरोखर सुंदर आहेत. पण ‘एवढा कचरा वाचवला’ असा दावा तिथे करता येत नाही. ते लोखंड एरवी भट्टीत जाऊन पुन्हा लोखंडच झाले असते. ज्याला दुसरी वाटच उरलेली नाही असा कचरा कलावंत उचलतो, तेव्हा त्या निवडीला वजन येते.

चिकटवायचे की शिवायचे?

एक प्रयोग घरी करून पाहा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा पातेलीभर पाण्यात टाका. तुकडा बुडवून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून टाका. झाकण तरंगते, तुकडा तळाशी जातो. बाटली पीईटी या प्लास्टिकची असते आणि ते पाण्यापेक्षा जड आहे. झाकण पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे असते आणि ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीनंतर मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र जो कचरा परत आणून टाकतो, त्यात झाकणे इतकी का असतात याचे एक कारण इथे सापडते. तरंगणारे किनाऱ्याला लागते, जड ते बुडते.

आता त्याच झाकणावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, गोळा होऊन राहतो. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि गोंदालाही तो तसाच झिडकारतो. गोंद चिकटायला आधी तो पृष्ठभागावर नीट पसरावा लागतो. म्हणूनच झाकणे चिकटवून केलेली रांगोळी दोन दिवसांत गळू लागते. दोष मुलांच्या मेहनतीचा नसतो, गोंदावर ठेवलेल्या भरवशाचा असतो. अशा झाकणांना भोक पाडून तारेने किंवा दोऱ्याने ओवणे, हाच खात्रीचा उपाय.

अनात्सुई यांची झाकणे प्लास्टिकची नाहीत, अॅल्युमिनियमची आहेत. पण जोडणीचा धडा तिथे उत्तम शिकायला मिळतो. ते १९७५पासून नायजेरियातल्या न्सुका इथल्या विद्यापीठात शिकवत होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची एक पिशवी टाकून दिलेली सापडली. त्यांनी झाकणे चपटी केली. बाटलीच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्या उलगडल्या, काहींना पीळ दिला, काहींची कडी केली. मग कडांना भोके पाडून तांब्याच्या बारीक तारेने एक तुकडा दुसऱ्याला बांधला. मदतनीस आधी लहान पट्टे तयार करतात. ते जमिनीवर पसरून, हलवून, बदलून अनात्सुई मोठी रचना ठरवतात. त्यांच्या घरात वडील आणि भाऊ घानाचे प्रसिद्ध केंते कापड विणत. धातूच्या तुकड्यांतून कापड निर्माण करण्याची ही दृष्टी त्या मागावरून आलेली दिसते.

तारेच्या जोडणीचा फायदा काय? वेल्डिंग केले असते तर एक ताठ पत्रा झाला असता. तार बांधल्यामुळे प्रत्येक तुकडा शेजारच्याशी जोडलेलाही राहतो आणि थोडा हलतोही. गोधडीच्या धावदोऱ्यानेही हेच साधते. म्हणून अनेक मीटर लांबीची धातूची कलाकृती चादरीसारखी घडी करून पाठवता येते. एखादा तुकडा निखळला तर तेवढाच बदलता येतो. आणि कधी मोडायची वेळ आली, तर तार सोडली की अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमात आणि तांबे तांब्यात वेगळे होते. गोंदाने एकमेकांत अडकलेल्या पदार्थांचे असे कधीच होत नाही.

झाकणांवरची दारूची नावे अनात्सुई पुसत नाहीत. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत आपली दारू आणली आणि गुलामांच्या व्यापारात ती विनिमयाची वस्तू ठरली. तो इतिहास त्या लहानशा पत्र्यावर आजही छापलेला आहे. दुरून सोन्याचा शालू वाटणारी भिंत जवळ गेल्यावर बाटलीची झाकणे होते आणि आणखी जवळ गेल्यावर एका खंडाची वेदना. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात अनात्सुई यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह सन्मान मिळाला.

ऊन, खारी हवा आणि अर्धे शतक

रॉक गार्डनचे निर्माते नेकचंद सैनी १९४७च्या फाळणीत आजच्या पाकिस्तानातून भारतात आले आणि चंडीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे राहत होते आणि त्यासाठी जुनी गावे पाडली जात होती. त्या गावांच्या ढिगाऱ्यात फुटकी भांडी, कौले, चिनीमातीचे तुकडे पडलेले असत. १९५७च्या सुमारास नेकचंद यांनी ते सायकलवरून वाहून न्यायला सुरुवात केली. सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, कोणाच्याही परवानगीशिवाय, नोकरीचे तास संपल्यावर त्यांनी मूर्ती घडवल्या. प्रशासनाला याचा पत्ता लागला तो १९७०च्या दशकात. बांधकाम बेकायदा होते, पण लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली झाली आणि नेकचंद यांना पगार व कामगार देऊन तेच काम पुढे नेण्यास सांगण्यात आले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५मध्ये ते वारले, तेव्हा बाग सुमारे ४० एकरांवर पसरलेली होती.

त्यांची पद्धत साधी होती. आतला सांगाडा सायकलच्या भंगार भागांचा किंवा लोखंडी सळ्यांचा. त्यावर सिमेंट आणि वाळूचा जाड थर. तो ओला असतानाच त्यात बांगड्यांचे तुकडे, कपबश्यांच्या खापऱ्या, भट्टीतली मळी दाबून बसवायची. सिमेंट कठीण झाले की तुकडे घट्ट धरले जातात. बांगड्यांच्या तुकड्यांचे घागरे ल्यायलेल्या तिथल्या स्त्रिया पाहिल्या की फुटलेल्या काचेत इतका डौल लपलेला होता हे पटायलाच वेळ लागतो.

या मूर्ती टिकल्या कशा, याचे उत्तर पदार्थात आहे. चिनीमाती आणि काच या दोन्ही वस्तू जन्मतःच प्रचंड उष्णतेतून गेलेल्या असतात. चंडीगडच्या उन्हाने त्यांचे आणखी काही बिघडत नाही. बांगडीचा मूळ रंगही बहुधा वरून दिलेला नसतो. धातूंची संयुगे काचेतच मिसळून तो आणलेला असतो, त्यामुळे तो धुतला जात नाही आणि उडतही नाही.

प्लास्टिकची गोष्ट नेमकी उलटी आहे. गच्चीत पडलेली बादली काही उन्हाळ्यांनंतर फिकट होते, बोट फिरवले तर पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस उचलताना कड तुटून हातात येते. प्लास्टिक हे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्यांनी बनलेले असते. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडतात आणि हवेतला प्राणवायू तुटल्या जागी जोडला जाऊन ती झीज पुढे नेतो. साखळ्या आखूड झाल्या की लवचीकपणा जातो आणि पदार्थ ठिसूळ होतो. त्यातून सुटणारे पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण म्हणजेच सूक्ष्मप्लास्टिक.

याचा अर्थ गंभीर आहे. समुद्र वाचवा असे सांगण्यासाठी किनाऱ्यावर उभारलेला प्लास्टिकचा मासा वर्षानुवर्षे उन्हात तसाच सोडला, तर तो स्वतःच समुद्रात प्लास्टिक सोडू लागतो. अशी शिल्पे छताखाली ठेवावीत किंवा ठरावीक मुदतीने उतरवावीत. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत धातूंनाही जपावे लागते. तिथे तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले तर अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. आणि एक गोष्ट तर कधीच करू नये: आकार देण्यासाठी पीव्हीसीचे पाइप किंवा वायरी जाळणे. त्यातून निघणारा धूर आम्लयुक्त आणि विषारी असतो.

दालनात काय बदलते?

रस्त्यावरच्या ढिगाकडे आपण पाहत नाही. नाकाला रुमाल लावून पुढे जातो. प्रदर्शनात तीच वस्तू स्वच्छ धुतलेली असते, तिच्याभोवती मोकळी जागा असते, तिच्यावर प्रकाश असतो. दुर्गंध आणि घाई दूर झाली की नजर थांबते. मग मांडणी आपले काम सुरू करते.

पहिले साधन म्हणजे अंतर. अमेरिकी छायाचित्रकार ख्रिस जॉर्डन यांच्या २००७ सालच्या एका चित्रात वीस लाख प्लास्टिक बाटल्या दिसतात. अमेरिकेत तेव्हा दर पाच मिनिटांत वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांची ती संख्या. दुरून नुसते करडे, दाणेदार वाटते. जवळ गेले की एकेक बाटली वेगळी होते. ‘वीस लाख’ हा शब्द कानावरून निघून जातो, पण त्या भिंतीसमोर चालताना तो आकडा पायांना कळतो.

दुसरे साधन म्हणजे छायाचित्र. ब्राझीलचे कलावंत विक मुनीझ यांनी २००८च्या सुमारास रिओजवळच्या जार्दिम ग्रामाचो या अवाढव्य कचराभूमीवर काम करणाऱ्या कचरावेचकांची व्यक्तिचित्रे केली. स्टुडिओच्या जमिनीवर चेहऱ्याची प्रतिमा पाडायची, तिच्या रेषांवरून कचरावेचकांनी स्वतः टायर, झाकणे, डबे रचायचे आणि उंचावरून फोटो काढायचा. कलाकृती म्हणजे तो फोटो. अशा पद्धतीत सामान कायमचे अडकून पडत नाही आणि टिकाऊपणाचा प्रश्नही सुटतो. त्यांतले एक चित्र लंडनच्या लिलावात विकले गेले आणि तो पैसा कचरावेचकांच्या संघटनेला मिळाला. त्याच काळात दिल्लीत कलावंत विवान सुंदरम यांनी कचरावेचकांच्या साथीने स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचे अख्खे शहर वसवले आणि त्याची छायाचित्रे ‘ट्रॅश’ या प्रदर्शनात मांडली.

तिसरे साधन म्हणजे जागा. गोव्यात कलावंत डॉ. सुबोध केरकर यांनी पिळर्ण इथे २०१५ साली ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केले. केरकरांची कला समुद्र, वाळू आणि भरती-ओहोटीशी बांधलेली आहे. ज्या किनाऱ्याचा प्रश्न, त्याच्याच शेजारी त्याची कला पाहिली की प्रश्न दूरचा राहत नाही.

वीस मिनिटांचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: अशा कलेने कचरा कमी होतो का?

दिल्लीत २०१९ साली ‘वेस्ट टू वंडर’ हे उद्यान उघडले. ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तिथे भंगारातून उभ्या केल्या आहेत. त्यासाठी सुमारे १५० टन भंगार लागले. हा आकडा डोळ्यांत भरतो. पण दिल्ली शहरात रोज सुमारे ११ हजार टन कचरा तयार होतो. भागाकार केला तर साती आश्चर्ये मिळून शहराच्या जेमतेम वीस मिनिटांच्या कचऱ्याएवढी भरतात.

या हिशेबाने कलेला कमीपणा येत नाही. तिचे काम कोणते, हे त्यातून नीट कळते. कचरा कमी होतो तो उत्पादकाने वेष्टण बदलले, घराने ओला-सुका वेगळा केला, पालिकेने तो वेगळाच उचलला आणि वेचणाऱ्याला योग्य मोबदला मिळाला तर. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तो निर्णय किती शिल्पांना भारी आहे याचा विचार करावा. कला यातले काही करू शकत नाही. ती एवढेच करते, की ज्या वस्तूची नोंद घेणे आपण थांबवले होते तिची नोंद घ्यायला लावते. निर्णय बदलण्याआधी नजर बदलावी लागते आणि ते काम आकडेवारीपेक्षा कला अनेकदा लवकर करते.

म्हणूनच प्रदर्शन किती टनांचे, हा निकष सोडून द्यावा. पाहून बाहेर पडलेल्या माणसाला आपल्या पिशवीतले पाकीट वेगळे दिसले का, हे विचारावे.

थोडक्यात: प्रदर्शन भरवताना

* भंगारवाला जे नाकारतो, ते आधी निवडा. विकले जाणारे सामान त्याच्यासाठी सोडा.
* मूळ वस्तू ओळखू येऊ द्या. रंगाचे थर आणि चमकी टाळा.
* गोंदापेक्षा तार, दोरा, खाच किंवा नटबोल्ट वापरा, म्हणजे नंतर सुटे करता येईल.
* उघड्यावर काच आणि चिनीमाती, छताखाली प्लास्टिक. प्लास्टिक जाळू नका.
* सजावटीसाठी नवे सामान विकत आणू नका.
* प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक वस्तू कुठे जाणार, हे आधीच ठरवा.

नावाची पाटी

या सगळ्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. कलाकृतीखाली कलावंताचे नाव असते, प्रायोजकाचे असते, पण ते सामान उकिरड्यातून वेगळे करून देणाऱ्याचे नसते. पुण्यात १९९३पासून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना आहे आणि २००८पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करते. कोणते प्लास्टिक कडक, कोणते मऊ, कशाला भाव आहे आणि कशाला नाही, हे हातात घेताच सांगणारे ज्ञान या कचरावेचकांपाशी आहे.

पुढच्या वेळी शाळेत, गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा कलादालनात असे प्रदर्शन भरेल, तेव्हा त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवावे. वर्गवारी त्यांच्याकडून शिकावी, त्या वेळेचे पैसे द्यावेत आणि पाटीवर त्यांचेही नाव लिहावे. कचरा दिसू लागण्याची सुरुवात तो उचलणारी माणसे दिसण्यापासून झाली, तरच ‘टाकाऊतून टिकाऊ’ला खरा अर्थ येईल.